बर्डिकबाईंचं ‘वाट आणि पाणी’

स्वीटवॉटर नदीच्या वळणावरची फिलीना बर्डिक कधी खोटं बोललीच नाही, असं कुणी म्हणालं तर आमच्याकडची माणसं पोट धरधरून हसतील. ही बाई सलग चार उन्हाळे एकोणचाळीसच वर्षांची होती. भाजलेल्या वाटाण्यांत मूठभर कॉफी मिसळून ती ‘अस्सल’ म्हणून विकायची, आणि वर तोंड करून “कशी झालीय?” असंही विचारायची. पण छापलेल्या अक्षराच्या बाबतीत तिचं सोवळं कडक. छपाईच्या खिळ्यांच्या पेटीपाशी उभी राहिली की बाई निराळीच व्हायची.

हे बापाकडून आलेलं. ओहायोत म्हाताऱ्याचा लहानसा छापखाना होता. सातव्या वर्षापासून फिलीना स्टुलावर उभी राहून उलटी अक्षरं सुलटी वाचायची. “बोललेलं वारा नेतो, पोरी,” म्हातारा म्हणायचा, “छापलेलं मात्र कुणाच्या तरी घरात जाऊन बसतं, आणि मग ते हाकलता येत नाही.” तो गेला तेव्हा भावांनी जमीन घेतली. हिनं छापयंत्र मागितलं. भावांना बरंच झालं, कारण ते लोखंडी धूड नुसतं हलवायला सहा गडी लागायचे.

अठराशे एक्कावन्न साली तिचा नवरा असाहेल याच्या डोक्यात पश्चिमेकडचं ओरेगॉन शिरलं. त्या वर्षी ते कुणाच्या डोक्यात नव्हतं म्हणा! “यंत्र येणार असेल तर मी येणार,” फिलीना म्हणाली, आणि तिथं विषय संपला. मग वाटेत जो तो सांगायला लागला की बर्डिक, बैल वाचवायचे असतील तर ते धूड फेकून दे. असाहेलनं आधी चूल फेकली. मग नांगर फेकला. मग आजोबांचं घड्याळ ठेवलं एका झुडपाखाली, आणि मागं वळून वळून बघत राहिला. यंत्र गाडीतच. शेवटी स्वीटवॉटरच्या वळणावर तिसरा आस मोडला आणि दोन बैलांनी प्राण सोडले. असाहेल गवतात बसला, टोपी काढली आणि म्हणाला, “फिलीना, ओरेगॉन इथंच आलं असं समज.”

तेच बर्डिकांचं ठाणं. पुढं त्याला बरकत आली ती बैलांमुळे. पश्चिमेला जाणाऱ्यांचे बैल इथवर येईतो पाय घासून लंगडे व्हायचे. असाहेल दोन लंगडे घेऊन एक धडधाकट द्यायचा, लंगड्यांना महिनाभर नदीकाठी चारायचा आणि तेच पुढच्या गाडीवाल्यांना धडधाकट म्हणून द्यायचा. पीठ, डुकराचं खारवलेलं मांस, दोरखंड, आसाला लावायचं वंगण, सगळं ठेवायचा. आणि शेजारच्या ताडपत्रीखाली बायकोचा छापखाना.

तोवर या वाटेवर बातमी कळायची ती हाडांवरून. पुढं गेलेले लोक बैलाच्या कवटीवर पेन्सिलीनं लिहून जायचे, ‘पाणी खारट आहे, पाजू नका’, ‘जेरूशा, आम्ही सगळे ठीक आहोत’. एक पाऊस आला की जेरूशाही गेली आणि पाणीही. फिलीनानं त्या हाडांची जागा कागदाला दिली. पत्राचं नाव ठेवलं ‘वाट आणि पाणी’. किंमत एकच, एक खबर द्या आणि एक अंक घ्या. कुठं गवत आहे, नदीचा कुठला उतार खोल झालाय, कुणाला बाळ झालं, कोण वारलं. पूर्वेकडे परत निघालेल्या माणसांच्या हाती ती अंकांचे गठ्ठे द्यायची, कारण मागं राहिलेल्यांनाही आपली माणसं कुठवर पोचली हे हवंच असतं.

आणि पहिल्याच अंकात बाईनं माती खाल्ली.

बावन्न साली कॉलऱ्यानं वाटेच्या दोन्ही बाजूंना कबरी झाल्या होत्या. फिलीना खेचरावर बसून चाळीस मैल हिंडली आणि फळ्यांवरची नावं एकेक करून उतरवून घेतली. त्यात एक होतं, ‘जॉथम हॉल्कम, इलिनॉय, कॉलरा’. अंक निघाला, पूर्वेला गेला. ऑक्टोबरात एक दाढीवाला दारात येऊन उभा राहिला. भिंतीवर चिकटवलेला अंक त्यानं बोट ठेवून वाचला, नाक जोरात वर ओढलं आणि विचारलं, “बाई, मी कधी वारलो म्हणायचं?”

“कोण तुम्ही?”

“जॉथम हॉल्कम. इलिनॉयचा. कॉलऱ्यानं गेलेला.”

फिलीनाच्या हातातली पिठाची पळी खाली पडली. “अहो, मी कबर बघितलीय तुमची! फळी, मातीचा ढीग, वर दगडसुद्धा!”

“ती माझी ऐरण आहे,” हॉल्कम म्हणाला. “ऐरण, भाता आणि दोन हातोडे. गाडीला झेपेना म्हणून पुरले. नुसते पुरले असते तर मागचा पहिला माणूस उकरून घेऊन गेला असता. कबर कोण उकरतं, बाई? त्यातून कॉलऱ्याची! सगळेच करतात. नाव आपलंच घातलं, म्हणजे परत आल्यावर सापडावी.”

हे खरंच सगळे करायचे. असाहेललाही ठाऊक होतं. “मग मला का नाही सांगितलंस?” ती त्याच्यावर ओरडली. “तू विचारलंस कुठं?” तो म्हणाला. नवऱ्यांचं हे उत्तर सगळ्या मुलखांत सारखंच असावं.

हॉल्कमला चेष्टाच वाटत होती. घेवड्याचं अख्खं पातेलं त्यानं एकट्यानं संपवलं, आणि मग एकदम हात थांबला त्याचा. “सबरा,” तो म्हणाला. “माझी बायको. हे कागद इलिनॉयला गेले?”

“गेले,” फिलीना म्हणाली.

तिच्याकडे मोठ्या खिळ्यांची एकच पेटी होती. बापानं ती कुणा मोठ्या माणसाच्या निधनासाठी राखली होती. फिलीनानं ती त्या दिवशी काढली. असाहेल म्हणाला, कोपऱ्यात दोन ओळी टाक की. ती म्हणाली, “मारताना कोपऱ्यात मारलं होतं का?” दुसऱ्या दिवशी अख्ख्या पहिल्या पानावर छापून आलं: ‘या पत्रानं चूक केली. जॉथम हॉल्कम जिवंत आहे.’ खाली त्याचं वर्णन, कारण नवरा मेल्याचं ऐकलेली बाई नुसत्या नावावर विश्वास ठेवणार नाही. दहा प्रती दहा वेगवेगळ्या माणसांच्या हाती तिनं पूर्वेला धाडल्या. हॉल्कम ऐरण घेऊन ओरेगॉनला गेला. त्यातली एक तरी प्रत पोचली का, हे पुढं दोन वर्षं कळलं नाही. हिवाळ्यात चुलीपाशी बसली की फिलीनाला त्या न पाहिलेल्या बाईचं तोंड दिसायचं.

वाटेवर मात्र चेष्टा झाली. ‘बर्डिकबाईंच्या कागदात नाव आलं की समजावं माणूस ठणठणीत आहे.’ ती ऐकायची आणि पुढचा अंक जुळवायला घ्यायची.

चोपन्न सालच्या जुलैत नदीवर चोपन्न गाड्यांचा तांडा येऊन थांबला. गाड्या चोपन्न आणि सालही चोपन्न, म्हणून ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं. कप्तान एनॉस लॅथ्रॉप, सहा फूट उंच आणि स्वतःच्या मतावर त्याहून उंच. त्याच्या हातात एक गुळगुळीत पत्रक होतं, टारबेल नावाच्या एका होडीवाल्याचं. पुढं ग्रीन नदीवर गाड्या पलीकडं नेणाऱ्या या टारबेलच्या होड्या चालायच्या, पण जुन्या वाटेपासून बऱ्याच खाली. म्हणून गड्यानं एक नवी आडवाट काढली होती. ‘सत्तर मैल वाचवा! दर दहा मैलांवर गोड पाण्याचा झरा!’

त्याच सकाळी ओनोरे पिकार त्या बाजूनं आला होता. ओनोरे फासे लावणारा जुना शिकारी, कॅनडाकडचा फ्रेंच. त्याची बायको तिथल्याच शोशोनी जमातीची. “पहिला झरा आटलाय,” तो म्हणाला. “दुसऱ्यात थेंब नाही. तिसऱ्यात मेलेलं हरण. माझ्या मेव्हण्यांनी यंदा तिकडं तळच टाकला नाही. ते जिथं उतरत नाहीत तिथं पाण्याचं नाव काढू नका, बाई.”

दोनशे चाळीस माणसं होती त्या तांड्यात, निम्मी पोरंच. फिलीना धावत कप्तानाकडे गेली. तिनं सगळं सांगितलं. लॅथ्रॉपनं ऐकून घेतलं आणि हसला.

“बाई, मिसूरीपासून इथवर सतरा दुकानदार भेटले. प्रत्येकानं त्याच्याच दारावरून जाणारी वाट खरी सांगितली. तुम्ही अठराव्या.”

“मी छापून देते.”

“तुम्ही? ज्यांनी जिवंत माणूस मारला त्या तुम्हीच ना?” मागचे चारजण खिदळले. “तांडा चारला मत देणार आहे. आमच्यात मतानं ठरतं. छापा तुम्ही, कागदाला काय, चुली पेटवायला उपयोगी पडतो.”

नाकाला मिरच्या झोंबाव्यात तशी ती परत आली. कागद संपलेला होता. साखर बांधायच्या तपकिरी कागदाचा गठ्ठा तिनं फरकन ओढला आणि खिळे जुळवायला लागली. असाहेल शाईचा रूळ घेऊन उभा होता. पहिल्या चार ओळी उलट्या वाचून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“अगं, हे काय? ‘दोन वर्षांपूर्वी या पत्रानं एका जिवंत माणसाला मेलेला म्हणून छापलं’? आपण होऊन हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“तो हे सगळ्यांसमोर काढणारच आहे. मग मीच काढते.”

“आणि हे खालचं? ‘आमच्या ठाण्यापाशी गवत उरलेलं नाही. इथं थांबू नका. जुन्या वाटेनं सहा मैल पुढं ओढ्यापाशी मुक्काम करा.’ फिलीना! चोपन्न गाड्या! अख्ख्या उन्हाळ्याची विक्री दारात उभीय आणि तू त्यांना पुढं हाकलतेस?”

“गवत आहे का?”

“नाही, पण—”

“मग शाई लाव.”

असाहेलनं शाई लावली. बडबडत लावली, पण नीट लावली. वीसेक प्रती झाल्यावर तो पाणी आणायला गेला आणि रिकामी बादली घेऊनच परतला.

“तिसऱ्या गाडीवर एक बाई आहे,” तो म्हणाला. “मला म्हणाली, ‘वाट आणि पाणी छापणारी बाई कुठं भेटेल?’ मी म्हटलं, कोण विचारतंय. म्हणाली, सबरा हॉल्कम. इलिनॉय.”

फिलीनाचा हात यंत्राच्या दांड्यावर तसाच राहिला.

“तोंड कसं होतं तिचं?”

“काय सांगू? हसत नव्हती. फिलीना, अजून वेळ आहे. त्या वरच्या ओळी काढ. तिच्यासमोर तीच जखम, तीही मोठ्यानं वाचून दाखवायची?”

फिलीनानं जुळवलेल्या ओळींकडे पाहिलं. मनात आलं, ही बाई आता चारचौघांत उभी राहून म्हणणार, हिनंच मला विधवा केलं. मग तपकिरी कागद काय आणि पांढरा काय. चोपन्न गाड्या वाळवंटात जातील, आणि त्या गेल्या तर आपल्याच त्या चुकीनं जातील. तिचे डोळे भरून आले. पण ओळी काढल्या तर पुढचं पाण्याचं तरी कुणी का खरं मानावं?

“तशाच राहू देत,” ती म्हणाली, आणि दांडा ओढला.

चारला माणसं गाड्यांच्या रिंगणात जमली. मत गाडीमागं एक, तेही पुरुषालाच; बायका गाड्यांपाशी उभ्या. लॅथ्रॉपनं तपकिरी कागद हातात धरला आणि मुद्दाम खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीला हशा पिकला. दुसऱ्या ओळीला थोडा कमी झाला. पुढं झऱ्यांचा सगळा हिशोब होता, कोणी बघितले, कुठल्या दिवशी बघितले, आणि ‘हे मी स्वतः पाहिलेलं नाही’ हेही. गवताच्या ओळीपाशी कप्तान अडखळला. “इथं थांबू नका?” त्यानं पुन्हा वाचलं आणि मान वर करून फिलीनाकडे पाहिलं. मग खांदे उडवले. “ते काही असो. एकदा चुकलेला कागद तो चुकलेलाच. या बाईनं एका बिचारीचा संसार—”

“त्या बिचारीला बोलू देता का जरा?”

तिसऱ्या गाडीकडून एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई लोकांना कोपरानं बाजूला सारत पुढं आली. काखेत बायबल. फिलीनाला वाटलं, पायाखालची जमीन दुभंगेल तर बरं.

“मी सबरा हॉल्कम. मेलेल्या हॉल्कमची बायको ती मीच,” ती म्हणाली. “या कागदानं माझा नवरा मारला. आठ आठवडे मी काळे कपडे घातले. माझा दीर घराच्या भिंती मोजायला लागला होता. नवव्या आठवड्यात एका फेरीवाल्यानं हे आणून दिलं.” तिनं बायबलमधून घडी घालून घालून फाटायला आलेला कागद काढला. मोठ्या खिळ्यांची अक्षरं लांबूनही दिसत होती. “यात लिहिलंय, ‘चूक आमची. जॉथम हॉल्कम जिवंत आहे. डाव्या हाताची करंगळी अर्धी आहे. बोलताना नाक वर ओढतो. पातेलंभर घेवडा एकटा खातो.’ करंगळी कुणाचीही तुटते हो. पण नाक आणि घेवडा वाचला, आणि मी परसात जाऊन काळे कपडे जाळले!”

आता हशा पिकला तो निराळा होता. सबरा हसली नाही.

“हसा. पण कप्तान, तुमचं ते गुळगुळीत पत्रक इकडं आणा. त्यात कुठं लिहिलंय का, की टारबेल एकदा तरी चुकला? सत्तर मैल वाचवणारा माणूस जन्मात एकदाही चुकलेला नाही? माझा नवरा दिवसातून सहादा चुकतो, आणि तो चांगला माणूस आहे! ही बाई चुकली, आणि माझ्या दारापर्यंत माणूस धाडून सांगितलं तिनं की मी चुकले. ती म्हणते पाणी नाही, तर पाणी नाही. मला मत नाही हे ठाऊक आहे. माझ्या बैलांनाही नाही. पण मी हाकीन तिकडं ते जातात, आणि ते जुन्या वाटेनं जाणार आहेत.”

एवढं बोलून ती वळली, फिलीनापाशी आली, आणि सगळ्यांदेखत तिला कडकडून मिठी मारली. “दोन वर्षं शोधतेय तुला,” ती कानात म्हणाली. फिलीनाला रडू आवरेना. शाईचे दोन पंजे सबराच्या पाठीवर उमटले ते पुढं ओरेगॉनपर्यंत गेले.

मग बायका एकेक करून आपापल्या गाडीवर चढल्या आणि त्यांनी कासरे हातात घेतले. नवऱ्यांनी ते पाहिलं. लॅथ्रॉपनं हात वर करायला सांगितले तेव्हा सबराची गाडी सोडून जुन्या वाटेला सत्तेचाळीस हात आले. सत्तेचाळिसावा त्याचा स्वतःचा होता. “आपल्याच गिऱ्हाइकाला पुढं हाकलणारा दुकानदार,” तो असाहेलला म्हणाला, “मी जन्मात पहिल्यांदा बघतोय.”

“मीही,” असाहेल म्हणाला.

सहा गाड्यांनी मात्र ऐकलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. ते आडवाटेनं गेले, आणि फिलीनानं त्यांच्या मागोमाग ओनोरेला पाण्याची पिंपं लादलेल्या खेचरांसह पिटाळलं. पाचव्या दिवशी सगळे परत आले. अकरा बैल गेले होते, ओठ फुटले होते, पण माणूस एकही गेला नव्हता. असाहेलनं त्यांना आपले बैल दिले, आणि या खेपेला ते खरोखरच धडधाकट होते. “आता काढ ती मोठी पेटी!” तो बायकोला म्हणाला. “छाप, टारबेल खोटारडा!”

फिलीनानं आधी ओनोरेला बसवून सगळं विचारून घेतलं. मग तिनं अंक काढला. लोक झडप घालून वाचायला लागले, तर सगळ्यात वर होतं: ‘दुरुस्ती. दुसऱ्या झऱ्यात थेंब नाही असं आम्ही छापलं होतं. हातभर खणल्यावर तिथं तीन बादल्या गढूळ पाणी निघालं, आणि त्यावर नऊ मुलं जगली. चूक आमची.’ बाकीचं सगळं त्याच्या खाली.

पुढच्या उन्हाळ्यात आडवाटेच्या फाट्यावर टारबेलचा माणूस पत्रकं वाटायला उभा असायचा. लोक पत्रक उलटं करून बघायचे, सुलटं करून बघायचे आणि विचारायचे, “यात तुमच्या चुका कुठं छापल्यात?” ऑगस्टात तो माणूस दिसेनासा झाला.

त्याच उन्हाळ्यात ओरेगॉनहून परतणाऱ्या एकानं फिलीनाला एक पत्र आणून दिलं. ते असं होतं:

‘बाई, मी त्या दिवशी अंक फुकट घेऊन गेले. किंमत आता धाडते आहे. खबर अशी की चोपन्नच्या चोपन्न गाड्या पोचल्या. वाटेत तान्ही दोन वाढली. जॉथम मला घ्यायला नदीवर आला होता. नाक अजून ओढतो. सबरा.’

फिलीनानं मोठ्या खिळ्यांची पेटी काढली. जुळवताना तिच्या हातून तीनदा खिळे सांडले आणि तिन्ही वेळा असाहेलनं गुडघ्यावर बसून ते वेचून दिले. त्या अंकात दुरुस्ती एकही नव्हती.